बारा महिन्यांचे मूल आणि वीस मुलांची शाळा: आइसलँडमधील पालिका सदस्यांना खुले पत्र

प्रति,
आइसलँडमधील सर्व पालिकांचे लोकनियुक्त सदस्य,
तसेच शिक्षण व बालक मंत्रालय

सन्माननीय सदस्यहो,

हे पत्र मी आधी माझ्या मातृभाषेत, मराठीत, लिहीत आहे आणि त्याची आइसलँडिक प्रत आपल्या कार्यालयांकडे स्वतंत्रपणे पाठवीत आहे. मराठीत लिहिण्याची कारणे दोन आहेत. मनात सलणारी गोष्ट नेमकी मांडायची झाली की मला अजूनही मराठीचाच आधार घ्यावा लागतो, हे पहिले. दुसरे असे की या देशात स्थिरावू लागलेल्या मोजक्या मराठी कुटुंबांनी बालवाडीतली जागा आणि लहान गावांतली शाळा हा विषय आपला मानावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. इथे सलग तीन वर्षे अधिकृत वास्तव्य झाले की परदेशी नागरिकालाही पालिकेच्या निवडणुकीत मत देता येते आणि बालवाडी काय किंवा शाळा काय, चालवते ती पालिकाच. तेव्हा या पत्राचे मराठी वाचक त्रयस्थ नाहीत, त्यांच्यातले कित्येक आपले मतदार आहेत.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी मूळची कोकणातली. रेक्याविकमधील एका बालवाडीत मी तीन वर्षे सहायक म्हणून काम केले. २०२० साली, डिराफ्योर्दुरचा बोगदा खुला झाला त्याच वर्षी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पश्चिम फ्योर्डमधल्या (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधली लांब, अरुंद खाडी) एका मासेमारीच्या गावात राहायला आलो आणि तेव्हापासून मी इथल्या बालवाडीत तेच काम करते आहे. थोरली मुलगी राजधानीच्या बालवाडीत वाढली, धाकटा मुलगा गावच्या बालवाडीत वाढतो आहे. शहरात आणि गावात मी दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे: सकाळी रडणारे मूल दुसऱ्याच्या हाती सोपवणारी आई म्हणून, आणि दुसऱ्याचे रडणारे मूल कडेवर घेणारी ताई म्हणूनही.

आपल्या सभांची इतिवृत्ते मी शब्दकोश जवळ घेऊन वाचत असते. त्यांत शहराचा प्रश्न आणि गावाचा प्रश्न नेहमी वेगवेगळ्या पानांवर असतात. शहराच्या पानावर प्रतीक्षायादी, अपुरे कर्मचारी, बुरशी लागलेल्या इमारती. गावाच्या पानावर घटती पटसंख्या, दर मुलामागचा खर्च, शाळेच्या बसचे कंत्राट. एका ठिकाणी मुले आहेत तर जागा नाही, दुसऱ्या ठिकाणी जागा आहे तर मुले नाहीत, असे वाचणाऱ्याला वाटावे. मला मात्र इतक्या वर्षांनी हे दोन्ही एकाच प्रश्नाचे तुकडे वाटतात. या देशात मुलाला काय मिळणार हे ते ज्या पालिकेत जन्मले तिच्या ताळेबंदावरून ठरते, आणि पालिका आपला ताळेबंद जुळवताना कधी मुलाच्या वयाला कात्री लावते, कधी मुलाच्या शाळेला.

आधी वयाचे पाहू, कारण सुरुवात तिथूनच होते.

२०२१ पासून जन्मलेल्या मुलांच्या आईवडिलांना मिळून बारा महिन्यांची पालकत्व रजा मिळते. ती राज्याच्या निधीतून मिळते, आणि ती चांगली आहे, हे मी आधीच कृतज्ञतेने नोंदवते. त्यानंतर मूल बालवाडीत जावे अशी सर्वांचीच अपेक्षा असते. बालवाडीला आपल्या भाषेत ‘लेइकस्कोली’, म्हणजे खेळशाळा, म्हणतात आणि १९९४ च्या कायद्याने ती शिक्षणाची पहिली पायरी ठरली आहे. पण ही पायरी कोणत्या वयात चढायला मिळेल हे २००८ च्या बालवाडी कायद्यात कुठेही सांगितलेले नाही. नॉर्वेत एक वर्षाच्या मुलाला २००९ पासून जागेचा कायदेशीर हक्क आहे. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड यांनीही तो आपापल्या पद्धतीने दिला आहे. आइसलँडमध्ये तो नाही. रजा राज्य देते, बालवाडी पालिका देते, आणि या दोहोंच्या मधले महिने कोणाच्याच खात्यावर नाहीत. आपल्या भाषेत या मधल्या काळाला स्वतंत्र शब्द आहे, त्याचा अर्थ ‘संगोपनातली फट’ असा होतो. एखाद्या गैरसोयीला रोजच्या बोलण्यात नाव पडते, तेव्हा ती किती दिवसांची आणि किती घरांची असेल याचा अंदाज येतो.

माझी मुलगी जन्मली तेव्हा रजा नऊच महिन्यांची होती. तिला बालवाडीत जागा मिळाली तेव्हा तिला दोन वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम दोन महिने उरले होते. मधल्या काळात स्वतःच्या घरी चार-पाच मुले सांभाळणाऱ्या परवानाधारक दिवसपालकांकडे आम्ही चौकशी केली. आमच्या भागात जे थोडे होते त्यांच्याकडेही रांगा होत्या. अशा वेळी कमी पगार असलेल्याने घरी राहायचे हे वेगळे ठरवावे लागत नाही, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ती आईच असते. आमच्यासारख्यांच्या हाताशी आजी-आजोबा, मावशी, काकू कोणीही नसते. इथल्या कुटुंबांची ती वेळ आजीमुळे भागते, आमची भागत नाही, एवढा फरक आपण ध्यानात घ्यावा.

रेक्याविक नगरीने २०१८ मध्ये ही फट बुजवण्याची योजना जाहीर केली आणि बारा महिन्यांच्या मुलांना बालवाडीत घेण्याचे ध्येय समोर ठेवले. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र आईवडील मुलांना घेऊन तळ्याकाठच्या नगरभवनात येऊन बसले, कारण मिळणार म्हणून सांगितलेल्या जागा मिळाल्या नव्हत्या. त्या वेळी मी गावाकडे होते, पण त्या नगरभवनात बसलेल्यांपैकी दोघीजणी माझ्या जुन्या सहकारी होत्या. एकीने मला फोनवर सांगितले की ज्या बालवाडीत ती स्वतः इतरांची मुले सांभाळते, त्या भागात तिच्या मुलाला जागा नव्हती.

इमारती बांधून हा प्रश्न सुटेल असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. इमारती हव्यातच, आणि ज्यांत बुरशी झाली त्या दुरुस्तही व्हायला हव्यात. पण मी जिथे काम करीत होते तिथे खोली होती, खाटा होत्या, जेवण होते, नव्हती ती माणसे. कायदा म्हणतो की मुलांच्या शिक्षण-संगोपनाच्या कामावरील किमान दोन-तृतीयांश पदांवर अर्हताप्राप्त बालवाडी शिक्षक असावेत. देशभर प्रत्यक्षातले प्रमाण त्याहून बरेच खाली आहे. ज्या जागी प्रशिक्षित शिक्षक असायला हवा होता तिथे मी उभी होते आणि आजही उभी आहे. मी माझे काम जीव ओतून करते. तरी तीन वर्षांचे मूल वाक्य अर्धवट का सोडते, हे ओळखण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही आणि प्रेमाने ती उणीव भरून निघत नाही.

सकाळी साडेसातला दोघी आजारी असल्याचे कळले की विभागप्रमुख यादी घेऊन बसायची. मुलांमागे कर्मचारी कमी पडले की पाळीपाळीने काही मुलांना घरी ठेवायला सांगावे लागे, किंवा विभाग दुपारीच बंद करावा लागे. तो संदेश गेला की अर्ध्या तासात कपड्यांच्या खोलीत कोण उभे राहते, हे आपण एकदा येऊन पाहावे. घरून काम करू शकणारे पालक येतात, मुलाला घेतात, जातात. राहतो तो पहाटे चारपासून बस चालवलेला बाप, हॉटेलच्या खोल्या आवरणारी आई, मासळी कारखान्यातून सुटी न मिळालेली बाई. त्यांना मोडक्या आइसलँडिकमध्ये ‘आज नाही’ म्हणून सांगण्याचे काम बहुतेक वेळा माझ्यावर यायचे, कारण आम्ही दोघेही परके होतो आणि माझे बोलणे त्यांना समजायचे.

याच ओघात राजधानीला लागून असलेल्या कोपावोगुर शहराच्या प्रयोगाबद्दल बोलणे भाग आहे. तिथे २०२३ पासून दिवसाचे सहा तास विनामूल्य झाले आणि त्यापुढचे तास महाग. नंतर आणखी काही पालिकांनी याच धर्तीवर बदल केले. कर्मचारी म्हणून मला यातला दिलासा कळतो, मुले लवकर घरी गेली की ताण उतरतो आणि ऐनवेळी विभाग बंद करण्याची वेळ कमी येते. तरीही मी या मार्गाची बाजू घेऊ शकत नाही. सहा तासांत मुलाला परत आणणे ज्यांच्या नोकरीत बसते त्यांची फी वाचते, ज्यांच्या नोकरीत बसत नाही ते ती भरतात, आणि हे दुसरे कोण आहेत ते मी वर लिहिलेच आहे. कामाचा आठवडा छत्तीस तासांपर्यंत आला, ही कर्मचाऱ्यांच्या हक्काची गोष्ट झाली. तो येताना जादा माणसे आली नाहीत, म्हणून त्याचा भार शुक्रवारच्या दुपारी पालकांवर पडला. इथे कर्मचारी आणि पालक समोरासमोर उभे केले गेले आहेत, आणि मला दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभे राहावे लागते.

आता गावाकडे वळते.

माझा मुलगा बारा महिन्यांचा झाला त्याच महिन्यात त्याला बालवाडीत जागा मिळाली. अर्ज केला, आठवड्याने फोन आला, आणि मग इथल्या रीतीप्रमाणे तीन दिवस मीही त्याच्यासोबत तिथे बसले, खेळले, जेवले. दुपारी तो इतर बाळांसारखा बाबागाडीत, लोकरीच्या कपड्यांत, बाहेर थंडीत झोपला. ते छायाचित्र पाहून कोकणातल्या माझ्या आईने दोन दिवस माझ्याशी धड बोलणे केले नाही. अनेक लहान पालिका बारा महिन्यांच्या मुलांना घेतात, कारण तरुण कुटुंब गावात राहावे ही त्यांची गरज असते. मुलाच्या पहिल्या वर्षापुरता विचार केला तर राजधानी मागे आहे आणि फ्योर्डच्या टोकाचे गाव पुढे आहे, हे मान्य करायला हवे.

गावची बालवाडी आणि शाळा एकाच मुख्याध्यापिकेच्या हाताखाली, एकाच छपराखाली आहेत. स्वयंपाकघर एक. संगीताचे शिक्षकही त्याच इमारतीत येतात. दहा इयत्तांत मिळून वीसहून कमी मुले असल्याने तीन-चार इयत्ता एका खोलीत बसतात. शहरातून आलेल्या पालकांना हे ऐकून धसका बसतो, मला बसला नाही. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकले आहे. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि गुरुजी एका इयत्तेला गणित घालून दुसरीला धडा वाचायला लावायचे. वरच्या इयत्तेचे धडे कानावर पडून खालच्या इयत्तेतच पाठ होत. इथेही तेच होते. माझी मुलगी आठव्या वर्षी बालवाडीतल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवू लागली, कारण मधे फक्त एक दार होते. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे, त्याचे वेगळे प्रशिक्षण लागते आणि आपल्या गावांतल्या शिक्षकांनी ते वर्षानुवर्षे अंगी बाणवले आहे. तरी चर्चेत त्या वर्गांना अपुरे, तात्पुरते, नाइलाजाचे मानले जाते, याचे मला वाईट वाटते.

या देशाला लहान शाळांची लाज वाटण्याचे कारणच नाही. १९०७ च्या कायद्याने दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे झाले तेव्हा वस्त्या इतक्या विखुरलेल्या होत्या की सगळीकडे शाळा बांधणे शक्यच नव्हते. म्हणून फिरती शाळा आली. शिक्षक काही आठवडे एका शेतघरात राहायचा, आसपासच्या घरांतली मुले तिथे जमायची, मग तो पुढच्या घराकडे जायचा. हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बोर्डी येथे १९४५ साली ताराबाईंनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द आज भारतभर सरकारी झाला आहे, पण त्याच्या मुळाशी मुलाने शाळेपर्यंत पोचण्याऐवजी शाळेने मुलापर्यंत पोचावे, एवढी साधी गोष्ट होती. ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी बर्फात करून दाखवली आहे.

१ ऑगस्ट १९९६ रोजी सक्तीच्या शिक्षणाच्या शाळा राज्याकडून पालिकांकडे आल्या. निर्णय जवळून व्हावेत हा हेतू चांगला होता. पण पालिका सगळ्या सारख्या नाहीत. एकीकडे देशाची जवळजवळ दोन-तृतीयांश लोकसंख्या सामावणारा राजधानीचा परिसर, दुसरीकडे स्ट्रांदिर किनाऱ्यावरची पन्नासेक माणसांची आर्नेसह्रेप्पुर. कायदा दोघींना एकच जबाबदारी देतो. पालिकांचा समानीकरण निधी यातले अंतर काही प्रमाणात भरून काढतो, दूरच्या शेतघरांतून मुले आणण्याच्या बसखर्चालाही हातभार लावतो. पण निधी पैसे देऊ शकतो, शाळा राहावी की जावी हे ठरवत नाही. ते ठरते डिसेंबरमधल्या अंदाजपत्रकाच्या सभेत, दर मुलामागच्या खर्चाच्या रकान्यात.

तो रकाना मी पाहिला आहे. त्यात लहान शाळा नेहमीच महाग दिसणार, कारण भाजक लहान आहे. छप्पर, वीज, मुख्याध्यापिका, स्वयंपाकी हे वीस मुलांसाठी लागतात तितकेच पस्तीस मुलांसाठी लागतात. रस्त्याचा खर्च आपण दर मोटारीमागे काढून रस्ता बंद करीत नाही, दीपगृहाचा खर्च दर बोटीमागे काढून दिवा विझवीत नाही. मग शाळेचाच हिशेब दर डोक्यामागे का?

मुले संपल्यावर शाळा मिटते तेव्हा कोणाला दोष देता येत नाही. आर्क्टिक वृत्तावरच्या ग्रिम्से बेटावर आणि आर्नेसह्रेप्पुरमध्ये अलीकडच्या वर्षांत तसेच झाले, शेवटी मुलेच उरली नाहीत. माझा आक्षेप आहे तो मुले असताना शाळा मिटवण्याला, कारण त्यानंतर मुले असलेले कुटुंब गावात येण्याचे कारणच उरत नाही, आणि पाच वर्षांनी तोच आकडा निर्णय बरोबर होता याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. ज्या महाराष्ट्रातून मी आले तिथेही २०२३ पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्यावर वाद सुरू आहे. दोन्हीकडे शाळा नेण्याची भाषा बोलणारे आणि सकाळी अंधारात मुलाला बसथांब्यावर घेऊन उभे राहणारे लोक वेगळे आहेत.

एकत्रीकरण प्रत्येक वेळी चुकतेच असेही मी म्हणणार नाही. २०१० मध्ये हेदिन्सफ्योर्दुरचे बोगदे झाल्यावर सिग्लुफ्योर्दुर आणि ओलाफ्सफ्योर्दुर ही गावे काही मिनिटांवर आली, शाळा एक झाली, वयोगटानुसार मुले दोन इमारतींत वाटली गेली. पण तिथे आधी बोगदा झाला, मग बस धावू लागली, आणि त्याच वर्षी ओलाफ्सफ्योर्दुरला उच्च माध्यमिक विद्यालयही आले. म्हणजे काही काढून घेतले गेले तसे काही मिळालेही. आमच्याकडे बोगद्यापलीकडे घाट आहेत. हिवाळ्यात रस्ता कधी बंद होईल याची सूचना सकाळी सहाला फोनवर येते. सहा वर्षांच्या मुलाला रोज त्या रस्त्याने पाठवायचे का, हा प्रश्न सभेत सरासरी किलोमीटरमध्ये विचारला जातो. मी तो फेब्रुवारीतल्या सर्वांत वाईट दिवसाच्या मिनिटांत विचारावा म्हणते.

शाळा गावाला काय देते याचे मोजमाप ताळेबंदात येत नाही, म्हणून दोन उदाहरणे देते. ऑक्टोबर १९९५ मध्ये फ्लातेरीवर हिमलोट कोसळला आणि वीस माणसे गेली. त्या गावात आजही मुलांची शाळा आहे, बालवाडी आहे, आणि २०१८ पासून प्रौढ तरुणांचे लोकविद्यालयही आहे. गाव उभे राहण्यात त्यांचा वाटा किती, हे तिथल्या लोकांना विचारावे. दुसरे उदाहरण ग्रिंडाविकचे. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ज्वालामुखीच्या धोक्यामुळे सुमारे पावणेचार हजारांचे अख्खे गाव रिकामे झाले. त्या हिवाळ्यात विस्थापित मुलांसाठी रेक्याविकमध्ये तात्पुरत्या शाळा काढल्या गेल्या, कारण घर गेलेल्या मुलाला निदान ओळखीचे वर्गमित्र आणि ओळखीची बाई मिळावी हे सगळ्यांना तत्काळ कळले. संकटात जे एका रात्रीत कळते ते अंदाजपत्रकाच्या वेळीही आठवावे, इतकेच माझे मागणे आहे.

गावाची दुसरी बाजू मी लपवणार नाही, कारण ती मला रोज दिसते. आमच्या मुलांना बालपणी जागा मिळते, पण मदत लागली की वाट पाहावी लागते. माझ्या मुलाला बोलायला उशीर होत होता. घरी मराठी, बालवाडीत आइसलँडिक, आणि सोबतच्या मुलांत पोलिश. उशीर तीन भाषांमुळे आहे की आणखी कशामुळे, हे सांगणारा वाणीउपचारतज्ज्ञ आमच्याकडे महिन्यातून एकदा येतो, तोही रस्ता उघडा असला तर. मधल्या भेटी पडद्यावर होतात, आणि तीन वर्षांचे मूल पडद्यासमोर जीभ दाखवत बसत नाही. बालमानसतज्ज्ञासाठी विमानाने राजधानीला जावे लागते. २०२२ च्या आरंभापासून लागू झालेल्या बालकल्याणाच्या कायद्याने प्रत्येक मुलाला सेवा एकत्रितपणे, वेळेत मिळाव्यात असे म्हटले आहे आणि प्रत्येक मुलामागे संपर्काची एक व्यक्ती ठेवली आहे. आमची संपर्कव्यक्ती फार चांगली आहे. ती ज्यांच्याशी संपर्क करणार ते तज्ज्ञ साडेचारशे किलोमीटरवर आहेत.

आणि मूल सोळा वर्षांचे झाले की गावाची शाळा संपते. राजधानीतल्या मुलाला तेव्हा कोणत्या विद्यालयात जायचे याची निवड करावी लागते, गावातल्या मुलाला घर सोडायचे की नाही याची. या बाबतीत पात्रेक्सफ्योर्दुरचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ग्रुंडारफ्योर्दुर येथील उच्च माध्यमिक विद्यालयाने २००७ मध्ये तिथे शाखा उघडली. मुले आपल्याच गावात, देखरेख करणाऱ्या शिक्षकासोबत एकत्र बसतात आणि फ्योर्डपलीकडच्या शिक्षकांकडून दूरस्थ पद्धतीने शिकतात. म्हणजे निदान दोन वर्षे तरी आईच्या हातचे जेवण मिळते. पूर्वीच्या फिरत्या शाळेचे हे आजचे रूप आहे, आणि ते एकाच ठिकाणी थांबून राहू नये.

भाषेबद्दल लिहिल्यावाचून मला हे पत्र पुरे करता येत नाही. विक या दक्षिणेकडच्या गावाच्या पालिकेत आज अर्ध्याहून अधिक रहिवासी परदेशी नागरिक आहेत, आणि त्या पालिकेने २०२२ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांची स्वतंत्र सल्लागार परिषद नेमली, हे धाडसाचे पाऊल होते. रेक्याविकमध्ये ब्रेइडहोल्टच्या काही भागांत बालवाडीतल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा आइसलँडिक नाही. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत या देशातील पंधरा वर्षांच्या सुमारे ४० टक्के मुलांना वाचनाचे मूलभूत कौशल्य गाठता आले नाही. त्याची चर्चा दहावीच्या वर्गाभोवती झाली. मी ती बालवाडीतल्या गालिच्यावर व्हायला हवी म्हणते. आमच्या विभागात पाचपैकी तिघींची मातृभाषा आइसलँडिक नाही. मी मुलांना पुस्तक वाचून दाखवते तेव्हा माझ्या उच्चारांतल्या चुका त्यांच्या कानात जातात, आणि ती जाणीव मला रात्री झोपू देत नाही. मला भाषा शिकायची आहे. वर्ग संध्याकाळी आठला असतो, पडद्यावर असतो, आणि त्या वेळी माझी दोन मुले मला हवी असतात.

म्हणून मी आपल्याकडे जे मागते ते असे.

राज्याने आणि पालिकांनी मिळून बालवाडी कायद्यात बारा महिन्यांच्या मुलाचा जागेचा हक्क लिहावा, आणि तो लिहिताना त्याचा खर्चही वाटून घ्यावा. नुसता हक्क लिहून भार पालिकांवर टाकला तर शहर आणखी तास कापेल आणि लहान गाव आणखी कर्जात जाईल. हक्क टप्प्याटप्प्याने आला तरी चालेल, पहिल्या वर्षी अठरा महिने आणि मग खाली, पण तारीख कायद्यात असावी, निवडणुकीच्या पत्रकात नसावी.

लहान शाळा आणि बालवाड्यांसाठी समानीकरण निधीतून पटसंख्येवर अवलंबून नसलेली एक मूळ रक्कम ठरावी. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला तर त्यासोबत सर्वांत लहान मुलाचा हिवाळ्यातला प्रवास मिनिटांत लिहून जाहीर करावा, त्या मुलांच्या आईवडिलांचे म्हणणे त्यांना समजणाऱ्या भाषेत ऐकून घ्यावे, आणि निर्णयानंतर अंमलबजावणीपूर्वी किमान दोन शालेय वर्षे जाऊ द्यावीत. दोन वर्षांत आमच्यासारख्या गावात पाच मुले वाढू शकतात. आमच्या येण्याने दोन वाढलीच.

तिसरे मागणे कर्मचाऱ्यांचे आहे. शिक्षकांसाठी पदव्युत्तर पदवीची अट २००८ च्या कायद्याने आली. ती खाली आणा असे मी म्हणणार नाही, आमच्या मुलांना कमी शिकलेले शिक्षक का म्हणून मिळावेत? पण माझ्यासारखी जी माणसे वर्षानुवर्षे सहायक म्हणून टिकून आहेत त्यांना शिक्षक होण्याची वाट मोकळी करावी. आकुरेयरी विद्यापीठ बालवाडी शिक्षकांचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने देते, गाव सोडावे लागत नाही. सोडावा लागतो तो पगार. अभ्यासाचे आणि आइसलँडिक शिकण्याचे तास कामाच्या वेळेत, पगारासहित धरावेत आणि त्या तासांसाठी बदली माणूस द्यावा. काही पालिका हे करतात. सगळ्यांनी करावे. तज्ज्ञांच्या भेटींचेही असेच: गावाला महिन्यातले किती दिवस मिळणार हे पटावरून ठरवण्याऐवजी किमान दिवस बांधून द्यावेत, आणि रस्ता बंद पडल्याने चुकलेला दिवस भरून द्यावा.

यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात हे मला कळते. घर चालवणाऱ्या बाईला ते सांगावे लागत नाही. पण २०२४ च्या शरदापासून सक्तीच्या शिक्षणाच्या सर्व शाळांत दुपारचे जेवण विनामूल्य झाले तेव्हा राज्य, पालिका आणि कामगार संघटना एका टेबलाशी बसल्या होत्या आणि खर्च वाटून घेतला गेला होता. त्यापूर्वी तेही अशक्यच म्हटले जात होते. त्याच शरदात शिक्षकांचा संप सुरू झाला, काही बालवाड्यांतली मुले कित्येक आठवडे घरी बसली, त्यांत राजधानीजवळची होती तशी उत्तरेकडच्या स्कागाफ्योर्दुरमधलीही होती, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तोडगा निघाला. त्या महिन्यांत शहरातल्या आणि गावातल्या आया एकमेकींना पहिल्यांदा फोन करू लागल्या. मला हे पत्र लिहिण्याचे बळ त्या फोनांतून आले.

येत्या ऑगस्टमध्ये आमच्या बालवाडीत एक वर्षाची दोन मुले दाखल होणार आहेत. त्यांच्या नावांच्या पट्ट्या मी खुंट्यांवर लावून ठेवल्या आहेत. रेक्याविकमधल्या माझ्या त्या सहकारी मैत्रिणीचे दुसरे बाळ त्याच महिन्यात तेरा महिन्यांचे होईल आणि तिला अजून कोणतीही तारीख कळलेली नाही. डिसेंबरमध्ये अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी आपल्या सभेत हे पत्र वाचले जावे आणि वरील तीन मागण्यांपैकी कोणती आपण स्वीकारता व कोणती नाही हे कारणांसह लेखी कळवावे, ही विनंती. उत्तर आइसलँडिकमध्ये दिले तरी चालेल. मी शब्दकोश घेऊन वाचेन आणि इथल्या मराठी कुटुंबांना मराठीत सांगेन.

आपली विश्वासू,
एक बालवाडी सहायक आणि दोन मुलांची आई
पश्चिम फ्योर्ड, आइसलँड